दूरसंचार विभागाचा फोन

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जिना संपतो. तिथून डावीकडे संज्ञापन विभाग आणि उजवीकडे दूरसंचार विभाग. डावीकडे माणसाने माणसाशी कसं बोलावं याची पदवी मिळते, उजवीकडे ते बोलणं तारेतून नाहीतर हवेतून पलीकडे कसं पोचवावं याची. मधे एक अरुंद बोळ आहे आणि बोळात पिण्याच्या पाण्याचं यंत्र. इतकी वर्षं शेजारी राहूनही या दोन विभागांचं एकमेकांशी बोलणं झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. काही कळवायचं असलं तर परिपत्रक निघतं. ते खाली आवक-जावक खात्यात जातं, तिथे त्यावर शिक्का बसतो, आणि आठवडाभराने तेच परिपत्रक जिना चढून समोरच्या दारात येतं.

उजवीकडच्या विभागात अँटेना सर शिकवत. हे नाव कुठल्या तरी जुन्या तुकडीने ठेवलं आणि पुढच्या प्रत्येक तुकडीने चालवलं. सर काटकुळे आणि ताडमाड उंच. दारातून आत येताना त्यांना मान तिरकी करावी लागे, आणि आत आल्यावर ती सरळ करायची राहून जाई. त्यामुळे ते सतत दूरचं काहीतरी कान देऊन ऐकताहेत असं वाटायचं. खरं म्हणजे जवळचं बोलणंसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागे. चहा घेणार का असं विचारलं तर ते आधी विचारणाऱ्याकडे बघत, मग खिडकीकडे, आणि विचारणारा कप घेऊन परत निघाला की मागून "हो" म्हणत.

फळ्यापुढे मात्र हा माणूस निराळा. डावीकडे एक चौकोन, उजवीकडे एक चौकोन, मधे सरळ रेघ. एक पाठवणारा, एक घेणारा, मधली वाट. मग त्या वाटेवर खडू मोडेपर्यंत नागमोडी रेघा ओढायच्या: हा गोंगाट. आयुष्यात जे काही बिघडतं ते या नागमोडी रेघांमुळे, अशी त्यांची श्रद्धा होती. विद्यार्थ्याने काहीही विचारलं, अगदी परीक्षा कधी आहे असं विचारलं, तरी सरांचा हात आपोआप पहिल्या चौकोनाकडे जाई.

घरीही तीच तऱ्हा. घर म्हणजे खाली बायकोचं शिवणाचं दुकान आणि वर दोन खोल्या. बायको गिऱ्हाइकांना सांगे की लग्नाआधी दोघं पहिल्यांदा बाहेर भेटली, तेव्हा यांनी कागदी रुमालावर दोन चौकोन काढून गोंगाट कसा घालवतात ते समजावलं होतं. तिला वाटलं, माणूस कमी बोलतो, वर गोंगाटाच्या मागे लागलाय, म्हणजे घर शांत राहील.

"राहिलं की," दातांनी दोरा तोडत ती म्हणायची. "इतकं राहिलं की कधीकधी मी काम नसताना मशीन चालवते."

मुलगी एकुलती एक, नुकतीच शाळा संपवलेली. बापलेकीचं भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. फक्त दोघांचं बोलणं आईवरून जायचं. बाबांना विचार, मी मैत्रिणीकडे राहू का. तिला सांग, स्वेटर ने. तिघंही एकाच टेबलाशी बसलेली असताना हे चाले. आई दोन्हीकडचं ऐकून, त्यातला त्रागा गाळून, वरून थोडी माया घालून पुढे देई. सरांना ही यंत्रणा उत्तम चालल्यासारखी वाटे. तक्रार कुठूनच येत नव्हती.

विभागाचं मात्र उत्तम चाललं नव्हतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत वर्ग भरायचा, मागच्या बाकांवर जागेसाठी ढकलाढकली व्हायची. मग तो ओसरायला लागला. कोणी चौकशीला येईना. विभागातला फोनही वाजेनासा झाला. आधी सरांना ते बरंच वाटलं होतं, कारण फोन वाजला की खडू खाली ठेवावा लागे. पण मागचे बाक सलग दुसऱ्या वर्षी रिकामे राहिले तेव्हा ते अस्वस्थ झाले आणि अस्वस्थ झालेला प्राध्यापक जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी निबंध लिहिला. 'दूरसंचार शिक्षणाबाबत समाजाची घटती रुची: कारणे आणि दिशा.' त्यात पालकांना दोष होता, बाजाराला होता, लहानपणीच हातात येणाऱ्या पडद्यांना होता आणि एकूण काळालाही होता. घसरगुंडीसारखा एक आलेख होता. परिसंवादात तो मोठ्या पडद्यावर दाखवला तेव्हा ऐकणाऱ्यांनी खेदाने माना हलवल्या आणि एकाने तर त्याचा फोटोही काढला.

डावीकडे मात्र सुट्टीतही वर्दळ. संज्ञापन विभागाच्या प्रमुखांना सगळे माइकबाई म्हणत, कारण समारंभात माइक एकदा त्यांच्या हाती गेला की पुढच्या वक्त्याला तो नुसता लांबून बघायला मिळे. आवाज मधासारखा. त्यांचं वाक्य सुरू झालं की ऐकणाऱ्याला आता आपल्याला काहीतरी मिळणार असं वाटायचं, आणि संपलं की काय मिळालं ते शोधत बसावं लागायचं. त्यांच्या विभागात 'मतभेदांतून संवाद' नावाचा विषय होता आणि तो शिकवणारे दोन प्राध्यापक एकमेकांचं तोंड बघत नसत. त्यांनी धडे वाटून घेतले होते. कुठला धडा कुठपर्यंत आला, हे ते एकमेकांना विद्यार्थ्यांकरवी कळवत. विषयाचं खरं प्रात्यक्षिक तेवढंच व्हायचं, आणि त्याला गुण नव्हते.

त्या वर्षी वरून परिपत्रक आलं. ज्या पदवीला पहिल्या वर्षी वीस विद्यार्थी मिळणार नाहीत ती पदवी बंद होईल, आणि तिथल्या शिक्षकांना शेजारच्या विभागात सामावून घेतलं जाईल. सामावून घेणे हा विद्यापीठातला फार मायाळू शब्द आहे. अजगरही तेच करतो.

सरांच्या नोकरीला धक्का नव्हता. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली, पगार चालूच राहणार होता. धोका होता तो प्रयोगशाळेला. लांबलचक खोली, तारांना सोल्डरचा डाग देण्याच्या धुराचा कायम राहिलेला वास, जुन्या टेलिफोन एक्सचेंजचं उघडं कपाट, तारांची वेटोळी आणि खिडकीशी एक स्टूल, ज्याच्यावर बसून सरांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. पदवी गेली की ही खोली संज्ञापनाचा स्टुडिओ होणार होती. माइकबाई एका दुपारी पडद्यांचं माप घ्यायला माणूस घेऊन आल्या होत्या. सर आत आहेत हे दिसल्यावर त्यांनी फार गोड हसून, सहज डोकावले म्हणून सांगितलं. माणसाच्या हातातली टेप मात्र खिडकीवर तशीच लोंबत राहिली.

प्रवेशाचा शेवटचा दिवस जवळ आला. आकडा एकोणीसवर येऊन थांबला.

उपकुलसचिव हे गोलमटोल, भले गृहस्थ होते. कुठलाही प्रश्न आवाज खाली आणून सुटतो असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी सरांना खोलीत बोलावून दार लोटून घेतलं आणि घरात कोणी नाही का, असं विचारलं. सरांना प्रश्न पोचायला नेहमीसारखा वेळ लागला. मग उपकुलसचिवांनीच आठवण दिली की तुमची मुलगी यंदाच शाळेतून सुटली ना. नाव घालून टाका. पुढच्या वर्षी बदलेल ती, हवं तिथे जाईल. पदवी तेवढी कागदावर जिवंत राहू दे, एकदा मेलेली पदवी पुन्हा उठवायला मग मंत्रालय लागतं.

सर परतताना बसने आले नाहीत, चालत आले. मनाला पटत नव्हतं आणि मनातून जातही नव्हतं. दुकानात बायको एका कोटाची बाही उसवत बसली होती. सर दारात वाकून उभे राहिले आणि म्हणाले, तिला एक विचारून बघ.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग सुई टाचण्यांच्या गादीत टोचून ठेवली.

"नाही विचारणार," ती म्हणाली. "अहो, इतकी वर्षं तुमचं तिला आणि तिचं तुम्हाला मीच पोचवलं. हे नाही पोचवत. स्वतःच्या तोंडाने मागा. आणि नाही म्हणाली तर ते स्वतःच्या कानाने ऐका."

सर वर गेले. मुलगी खिडकीत पाय वर घेऊन बसली होती, कानात हेडफोन. वडील समोर येऊन उभे राहिलेले बघून तिने ते काढले आणि सवयीने त्यांच्या मागे बघितलं, आई आली आहे का. आई नव्हती. सर खुर्चीत बसले, पुन्हा उठले, टेबलावरचं पेन उचललं. कागद जवळपास नव्हता. पेन त्यांनी खाली ठेवलं.

"आमच्याकडे एक जागा आहे," ते म्हणाले.

"माहितीये. एकोणीस झालेत."

"हो. तर मी म्हणत होतो..."

"मी फोन केला होता बाबा. तुमच्या विभागात."

सरांची मान आणखी थोडी तिरकी झाली. "आमच्या विभागात कोणीच फोन करत नाही."

"मी केला. निकाल लागल्यावर, मैत्रिणीच्या मोबाइलवरून. नाव नव्हते सांगणार. म्हटलं, परक्या मुलीने विचारलं तर तुम्ही कसं सांगता ते ऐकावं. हे शिकून माणूस पुढे काय करतो, माझ्यासारखीला जमेल का. घरी विचारलं तर तुम्ही चौकोन काढता."

"मग?"

"मग तुमच्या समोरच्या विभागातल्या बाईंनी उचलला. मला वाटलं नंबर चुकला. पुन्हा लावला, पुन्हा त्याच. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, अगं, तुला येतंय ना बोलायला, मग इकडेच ये. आणि फार छान बोलल्या." ती थांबली. "मी गेले बाबा. प्रवेश घेतलाय मी तिकडे. आईला सांगितलंय."

खालून मशीनचा आवाज येत नव्हता. आईने हा निरोप बरेच दिवस दाबून ठेवला होता.

सरांना मुलीच्या बोलण्यातल्या शेवटच्या भागाचं वाईट वाटायला वेळ लागणार होता. आधी त्यांना पहिला भाग पोचला. तीन वेळा लावलेला फोन तीनही वेळा शेजारी गेला. हे चुकून होत नाही. हे कसं होतं हे विद्यापीठात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, कारण ती सोय त्यानेच केली होती. एखाद्या विभागाची लाइन मेली असली तर आलेला फोन आपोआप शेजारच्या विभागात वाजावा, म्हणजे बाहेरच्या माणसाला विद्यापीठाने उत्तर दिलं नाही असं होऊ नये. या कल्पनेबद्दल सरांना तेव्हा शाल मिळाली होती. ती अजून कपाटात होती.

म्हणजे लाइन मेली होती. आणि ती कोणी मारली हेही सरांना जिना उतरता उतरता आठवलं.

दर वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला सर विभागाच्याच फोनमध्ये बिघाड घालून ठेवत. टेबलापासून बोळातल्या तारांच्या पेटीपर्यंत कुठेतरी. विद्यार्थ्यांनी मीटर घेऊन तो शोधायचा. पुस्तकातला बिघाड सगळ्यांनाच सापडतो, खरा शोधला की डोकं चालतं, असं त्यांचं म्हणणं. वर्ग ओसरायला लागण्याआधीच्या वर्षी त्यांनी हौसेने दोन बिघाड घातले, एक सोपा आणि एक असा की सरांना स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. पहिला सापडताच बाहेरून आलेले परीक्षक टाळ्या वाजवून उठले. त्यांना भूक लागली होती. सापडला, सापडला, चला जेवायला, असं म्हणत त्यांनी सगळ्यांना पास केलं आणि सरांना हाताला धरून नेलं. दुसरा बिघाड जागेवरच राहिला. पुढच्याच आठवड्यात काटकसरीचं परिपत्रक आलं, अनेक विभागांचे फोन बंद झाले, आणि हाही त्यातलाच असं धरल्याने मुका फोन बघून दूरसंचार विभागातल्या कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. पुढच्या परीक्षा दुसऱ्या फोनवर झाल्या. हा बिचारा मुका फोन कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी, म्हणजे प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, सर सकाळीच बोळात गेले. पाण्याच्या यंत्रामागे भिंतीवर पेटी होती. यंत्र सरकवून ते गुडघ्यावर बसले. पाणी प्यायला आलेल्या संज्ञापनाच्या मुली त्यांच्या पाठीवरून हात लांब करून बाटल्या भरत होत्या. पेटीत, तार जिथे धातूच्या पट्टीला टेकते तिथे, पारदर्शक प्लॅस्टिकचा नखाएवढा तुकडा सरकवलेला होता. सरांनी तो चिमट्याने ओढून काढला आणि उजेडात धरून बघितला. समाजाची घटती रुची त्यांच्या चिमट्यात होती.

आत जाऊन त्यांनी फोन उचलला. लाइन जिवंत होती.

मग ते फोनपाशी बसले. दुपारपर्यंत एखादा तरी वाजेल. एकच हवा होता. मधल्या सुट्टीत मुलगी आली. समोरच्या विभागात नव्या मुलांचे ओळखवर्ग सुरू होते, तिच्या गळ्यात तिकडचं ओळखपत्र होतं. ते तिने आत येताना खिशात घातलं. सरांनी तिला स्टूल दिलं. काय झालं होतं ते त्यांनी तिला सांगितलं. दोघं फोनकडे बघत बसली. दोघांना एकमेकांकडे बघण्यापेक्षा ते सोपं जात होतं.

फोन वाजला. सरांनी तो पहिल्या घंटेलाच उचलला, आणि त्यांच्या आयुष्यात ही पहिलीच घाई असावी.

माइकबाई होत्या. समोरच्याच दारातून बोलत होत्या. आवाज फोनमधून आणि बोळातून असा दोन्हीकडून येत होता. म्हणाल्या, सर, सकाळपासून आमच्याकडे तुमच्या चौकशीचा एकही फोन आला नाही, कालपर्यंत एखाद-दुसरा तरी यायचा, त्याआधी तर उसंत नसे, म्हटलं सगळं ठीक आहे ना ते बघावं.

"एरवी किती येत होते?" सरांनी विचारलं.

माइकबाईंनी ते फार मोकळेपणाने सांगितलं. पुष्कळ यायचे. मुलं गोंधळलेली असत, त्यांना फक्त कोणीतरी ऐकून घेणारं हवं असे. आम्ही ऐकून घेतलं. यंदाच्या वर्गातही तुमच्या वाटेने आलेली बरीच आहेत.

सर म्हणाले, "त्यातला एक परत द्याल?"

यावर फोनमधून बराच वेळ आवाज येत राहिला. विद्यार्थ्यांचं निवडीचं स्वातंत्र्य, दोन ज्ञानशाखांमधली पुलाची भूमिका, दीर्घकालीन सहकार्य आणि एकत्र बसून चहा, असं सगळं त्यात आलं. सरांनी शेवटी आभार मानले आणि फोन ठेवला.

"नाही म्हणाल्या?" मुलीने विचारलं.

"असं काही म्हणाल्या नाहीत. पण देणार नाहीत."

मुलगी स्टुलावर बसल्या बसल्या पाय हलवत होती. मग तिने सरळ विचारलं, "मी येऊ? चारपर्यंत बदलता येतं. मी चौकशी केलीये."

सरांनी लांब खोलीवरून नजर फिरवली. उघडं कपाट, वेटोळी, खिडकी. खिडकीच्या चौकटीवर टेपवाल्या माणसाने पेन्सिलीने केलेली बारीक खूण होती. मग त्यांनी तिला विचारलं की तिकडे आज काय शिकवलं.

ती सांगायला लागली. प्रत्येकाला एकेक रेकॉर्डर देऊन बाहेर पाठवलं होतं, कुणाशी तरी बोलून या म्हणून. ती मुख्य इमारतीच्या लिफ्टवाल्याकडे गेली. तो आधी काही बोलेना. मग तिने विचारलं, दिवसभर लिफ्टमध्ये असता, लोक काय बोलतात? तो म्हणाला, लोक लिफ्टमध्ये बोलणं बंद करतात, मी त्यांचं गप्प बसणं ऐकतो. कुलगुरूंचं गप्प बसणं कसं, शिपायाचं कसं, नापास झालेल्या पोराचं कसं, ते त्याने करून दाखवलं. रेकॉर्डरमध्ये अर्थात यातलं काहीच आलं नाही, नुसता पंख्याचा आवाज आला. ती हसत होती. सांगताना तिचे हात हवेत चालत होते. आपली मुलगी एका दमात इतकं बोलते हे सरांनी आजवर कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत तिचं बोलणं गाळूनच येत असे.

"नको," सर म्हणाले.

"काय नको?"

"तू नको येऊस. तू आलीस तर विसावी म्हणून येशील. मला विद्यार्थी शिकवता येतो, आकडा शिकवता येत नाही."

"आणि ही खोली?"

"खोली जाईल," सर म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. मुलीने फोनकडे बघितलं. तो चारपर्यंत पुन्हा वाजला नाही.

चारला बैठक होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला उपकुलसचिव, दुसऱ्या टोकाला माइकबाई, आणि मधे इतिवृत्त लिहून घेणारे लेखनिक. सरांनी आकडा सांगितला. एकोणीस. उपकुलसचिवांनी त्यांच्याकडे भुवया उंचावून बघितलं, मग आवाज खाली आणून विचारलं की आणखी कोणी वाटेत आहे का, थोडं थांबायचं का. सर म्हणाले, कोणी नाही. मग नियमाप्रमाणे कारणं विचारायची म्हणून त्यांनी कारणं विचारली, आणि सर्वांनी नेहमीच्या घटत्या रुचीसाठी आपापल्या खुर्चीत ऐसपैस बसून घेतलं. माइकबाईंनी तर खेदाने मान हलवायला सुरुवातही केली होती.

"विभागाचा फोन बंद होता," सर म्हणाले. "काही वर्षं. परीक्षेसाठी मीच तो बंद पाडला आणि चालू करायचा राहून गेला. मुलं फोन करत होती. ती शेजारी गेली. रुची घटली वगैरे मी लिहिलं होतं, ते खोटं आहे."

इथे संवादाच्या तीन पदव्या आणि दोन पदविका असलेली माणसं बसली होती, पण एका वाक्यात एकच गोष्ट सांगून वाक्य संपवलेलं त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. पुढचं वाक्य येईल म्हणून सगळे थांबले. ते आलं नाही. लेखनिकांचं पेन कागदावर टेकून तसंच राहिलं. शेवटी त्यांनी उपकुलसचिवांकडे बघितलं.

"तांत्रिक कारणांमुळे, असं लिहा," उपकुलसचिव म्हणाले.

सर म्हणाले, "तांत्रिक नाही. तंत्र ठीक होतं. माझ्यामुळे, असं लिहा."

"सर, तसा शब्दप्रयोग इतिवृत्तात बसत नाही," लेखनिक अजिजीने म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांनी तांत्रिक कारणे लिहिली. ठराव एकमताने झाला.

बाहेर बोळात माइकबाईंनी सरांना गाठलं. त्यांना मनापासून काळजी वाटली होती. म्हणाल्या, असं एकदम सांगून टाकायचं नसतं हो, जरा फिरवून सांगितलं असतं तर वर्षभराची मुदत मिळाली असती. सर म्हणाले, फिरवून सांगता आलं असतं तर मी आधीच तुमच्या विभागात असतो. हा विनोद आहे की टोमणा, हे माइकबाईंना ठरवता आलं नाही. सरांनाही आलं नसतं.

पदवी बंद झाली. एकोणीस मुलांना आणि सरांना सामावून घेतलं गेलं. नव्या विभागाचं नाव ठरवायला तीन समित्या बसल्या आणि तीनही अहवालांत नाव एकच निघालं, दोन्ही जुनी नावं मधे 'व' घालून. प्रयोगशाळेला जाड निळे पडदे लागले. जुनं एक्सचेंज कोपऱ्यात सरकवून त्यावर कुंडी ठेवण्यात आली. मुलाखती घेताना मागे ते छान दिसतं, असं कॅमेरेवाल्याचं मत पडलं.

सरांना कुठला विषय द्यायचा हा प्रश्न होता. त्यांच्या विषयांना नव्या अभ्यासक्रमात जागा नव्हती आणि 'प्रभावी संवादकौशल्ये' हा पहिल्या वर्षाचा सक्तीचा विषय घ्यायला कोणी तयार नव्हतं, कारण तो सकाळी आठला असे. तो त्यांना देण्यात आला. बातमी ऐकून दुकानातल्या बायकोने हसून हसून मशीनवर डोकं टेकलं. मग गिऱ्हाइकाचा कोट बाजूला ठेवून तिने सरांचा एकुलता एक बरा शर्ट इस्त्रीला घेतला, आणि इस्त्री फिरवताना दोनदा डोळे पुसले. कशाने, ते तिने सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी सर आठच्या आधी वर्गात पोचले. समोर त्यांची एकोणीस मुलं होती, माइकबाईंची साठ-सत्तर होती, आणि कोण कुणाचं हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं. सरांनी खडू उचलला, फळ्याकडे वळले आणि तसाच हात खाली घेतला. मग मुलांकडे तोंड करून, अडखळत, एका फोनची हकीकत त्यांनी पहिल्यापासून सांगितली. परीक्षकांच्या भुकेपाशी वर्ग हसला. मुलीने नाव न सांगता फोन केला होता, त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. ते सोडून सगळं सांगितलं. सांगायला पूर्ण तास लागला.

शेवटी हजेरी घ्यायची राहिली होती. ते नावं वाचत गेले. मधे एक नाव आलं ज्याचं आडनाव त्यांचंच होतं. ते त्यांनी बाकीच्यांसारखंच, तेवढ्याच आवाजात वाचलं.

"हजर, सर," तिसऱ्या बाकावरून उत्तर आलं.

सरांनी मान वर केली नाही. खूण करून पुढचं नाव घेतलं.